बोडीच्या पाळीवरचं झाड

आलापल्लीच्या आमच्या सरकारी क्वार्टरला दोन खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांत सागवानाचा वास होता. बाबा जंगल खात्यात नाकेदार होते. कागदावर वनरक्षक लिहायचे, पण आमच्या भागात वनरक्षक म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, नाकेदार म्हटलं की बायका डोईवरची मोळी खाली टाकून उभ्या राहतात. डेपोत रचलेल्या लाकडांवर खात्याच्या खुणेचा हातोडा मारायचं काम बाबांकडे असे. त्या हातोड्याचा आवाज घरापर्यंत यायचा आणि आई त्यावर स्वयंपाकाचा अंदाज बांधायची. ठोके थांबले की ती तांदूळ धुवायला घेई. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात उतरलेला असे. त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, बाजूला अंबाडीची भाजी नाहीतर सुकी मासोळी. वाढताना आई दर वेळी म्हणायची, "घे वं रतन, आनखी, हाडं दिसून राह्यले तुह्ये." हाडं काही दिसत नव्हती. मी चांगली गुबगुबीत होते.

पावसाळ्यात तिला ताप आला. जंगलात ताप येतोच, त्याचं कोणाला विशेष वाटत नसे. गोळ्या घ्यायच्या, गोधडी घ्यायची, घाम आला की उठायचं. आई तिसऱ्या दिवशी उठली नाही. चौथ्या दिवशी खात्याच्या जीपमधून तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो, तर वाटेतला नाला भरून वाहत होता. पाणी उतरायची वाट बघत आम्ही जीपमध्ये बसलो होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी उतरलं, पण त्याच्या आधीच ती गेली. एवढंच लिहिते. यापुढचं लिहायला अजून हात चालत नाही आणि आता या वयात तो चालेल असंही वाटत नाही.

पुढचे चार महिने फार भराभर गेले. बाबांची बदली झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आईची भांडी एका पोत्यात बांधून मावशीकडे ठेवली आणि मी ब्रह्मपुरीला कॉलेजात, मुलींच्या होस्टेलमध्ये. आई नाही, घर नाही, हातोड्याचा आवाज नाही, आणि भोवती सगळं धानाचं सपाट रान. झाडांत वाढलेल्या माणसाला इतकं आभाळ एकदम झेपत नाही. क्वार्टर सोडायच्या आधीच मी पडून राहायला लागले होते. शेजारच्या गोपिकाबाईंनी बाबांना दारात गाठून सांगितलं, "नाकेदारभाऊ, पोरीले बाहेरचं हाये. मायचा जीव अडकला असन तिच्यात. एखांद्या जानत्याले दाखवा."

बाबा असे भडकले की अख्ख्या लाइनीतले लोक बाहेर आले. बाबा म्हणजे तरुणपणी चांद्याला पायी जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला माणूस. घरातले जुने देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. अंगात येणं, उतरवणं, लिंबू, गंडा हे शब्दसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत चालत नसत. "माह्या घरी भूत नाई अन् मंतर नाई," ते म्हणाले. "माह्यी पोरगी शिकनारी हाये. तिले काही झालं नाई." भूत नाही हे बाबांचं शंभर टक्के खरं होतं. पण त्या दिवशी त्यांनी भुताबरोबर माझा आजारही दाराबाहेर हाकलून दिला. त्यानंतर मला काही होतंय असं म्हणणं म्हणजे गोपिकाबाईंच्या बाजूला जाऊन बसणं होतं. ते माझ्याच्याने होणार नव्हतं. बाबांची होस्टेलवर पत्रं यायची, आठवड्याला एक, ठळक अक्षरात. प्रत्येकात शेवटी तेच: अभ्यास कर, मन खंबीर ठेव, आपल्याला लोक पाहत आहेत. मी ती पत्रं उशीखाली ठेवायची आणि त्यांच्यावर डोकं ठेवून दिवसभर भिंतीकडे बघत पडायची.

आजकाल या गोष्टीला नाव आहे. पेपरात लेख येतात, शाळांमध्ये ताई येऊन बोलून जातात. तेव्हा माझ्याकडे नाव नव्हतं. लोकांना वाटतं की असा माणूस रडत असेल. मी रडत नव्हते. रडता आलं असतं तर बरंच झालं असतं. मी अंघोळीची बादली भरायची आणि तिच्यापुढे बसून राहायची, कारण तांब्या उचलायचा म्हणजे नंतर साबण, नंतर पुसणं, नंतर कपडे, आणि हे सगळं उद्या पुन्हा. बादली तशीच सोडून मी परत यायची. पहाटे झोप उघडायची आणि छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. मेसचा भात तोंडात फिरत राहायचा. केसांच्या तर गाठी झाल्या होत्या.

माझ्या खोलीत सहा खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर शकुन आणि समोरच्या खाटेवर विमल. विमल ब्रह्मपुरीजवळच्या धानाच्या गावातली, आवाज असा की मेसमध्ये बोलली तर फाटकावरचा चौकीदार उत्तर देई. तिला माझा राग यायचा. "कवापर्यंत पडून राह्यतेस वं? माय का फक्त तुह्यीच मेली का?" असं ती तोंडावर म्हणायची, आणि संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन माझ्या मागे बसायची नि एकेक गाठ सोडवायची. एका गाठीला एक शिवी. शकुन धानोऱ्याच्या आतल्या गोंडांच्या गावातली, आमच्या वर्गातली सर्वांत कमी बोलणारी. ती मला काहीच म्हणायची नाही. माझं ताट आणायची, माझे कपडे तिच्या कपड्यांसोबत धुऊन टाकायची, आणि अभ्यास करताना स्वतःची खाट माझ्या खाटेला लावून घ्यायची, तिचा पाय माझ्या पायाला लागेल इतकी. तो पाय सोडला तर त्या हिवाळ्यातलं दुसरं काहीही ऊबदार मला आठवत नाही.

परीक्षा जवळ आली, अभ्यासाची सुट्टी लागली, आणि एका दुपारी मी होस्टेलच्या फाटकातून बाहेर पडले व वैनगंगेच्या रस्त्याला लागले. चप्पल घालायला विसरले होते. मी कशाला निघाले होते ते मला ठाऊक होतं. ते लपवून हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. अर्ध्या वाटेत मागून सायकलची घंटी वाजली. विमल होती, कोणाची तरी सायकल घेऊन आलेली. माझ्या पायांकडे बघून ती उतरली, सायकल हातात धरून बाजूने चालायला लागली. शिवी नाही, प्रश्न नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ऊन लागून राह्यलं. परत जाऊ न वं." तिचा आवाज मी कधी नव्हे इतका बारीक ऐकला. मी थांबले. तिने स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि परतीच्या वाटेवर ती त्या तापलेल्या डांबरावरून अनवाणी आली. होस्टेलवर आल्यावर तिने शकुनला बाहेर बोलावलं. दोघी बराच वेळ विहिरीजवळ उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंच्या टेबलावर बाबांचं पत्र होतं: मुलीची प्रकृती बरी नाही, तिला तिच्या मैत्रिणीसोबत तिच्या गावी पाठवावे. अक्षर ठळक, खाली बाबांची लफ्फेदार सही. ते विमलने लिहिलं होतं. माझ्या उशीखालच्या पत्रांवरून तिने सही गिरवून गिरवून बसवली होती. शेवटी तिने "मन खंबीर ठेव" हेही लिहिलं होतं. आपल्याला कोण कशासाठी खंबीर राहायला सांगतंय, हा प्रश्न रेक्टरबाईंना पडला नाही.

शकुनच्या गावाला धानोऱ्यापर्यंत बस आणि मग दोन तास पायी. मार्चअखेर होती, पळस झडून गेला होता, आणि सगळ्या जंगलभर मोहाचा तो गोड, जड, डोकं भणभणवणारा वास भरला होता. गाव वीसेक घरांचं. शकुनच्या बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तिची माय, धाकटी बहीण आणि म्हातारा आजा. माय उंच, काटक, गोंडीत भराभर बोलणारी आणि मराठीत एकेक शब्द उचलून ठेवणारी. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला, नीट बघितला, शकुनला गोंडीत काहीतरी विचारलं. मला वाटलं, आता इथेही कोणा पुजाऱ्याला बोलावतील. तसं काही झालं नाही. मायनं मला घराबाहेर नेलं. गावाला लागून एक बोडी होती, म्हणजे पावसाचं पाणी धरणारं लहानसं तळं. तिच्या पाळीवर, जिथून जंगल सुरू होतं तिथे, एक मोहाचं झाड होतं. खालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली. त्या झाडावर हात ठेवून माय म्हणाली, "हे तुह्यं."

मला काही कळलं नाही. रात्री जेवताना शकुनने सांगितलं. त्यांच्यात मोहाची झाडं घरांना वाटलेली असतात, आज्या-पणज्यापासून. ज्याचं झाड त्यानेच त्याखालची फुलं वेचायची. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेलं फूल कोणी उचलत नाही. त्यांच्या घराकडे चार झाडं होती, त्यातलं बोडीवरचं मायनं मला दिलं. चार झाडांची वाळलेली फुलं म्हणजे त्यांचं पावसाळ्याचं मीठ, तेल, कपडा, आणि अडीअडचणीला चक्क जेवण. त्यातलं एक पूर्ण झाड मायनं अशा पोरीला देऊन टाकलं होतं जिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. तेव्हा मला हा हिशेब सुचला नाही. मला वाटलं, पाहुण्याचं मन रमवायला म्हणाल्या असतील.

पहाटे सगळं घर उठलं, टोपल्या घेऊन निघालं. शकुनने माझ्या उशाशी एक टोपली ठेवली, म्हणाली, "येतेस?" मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती गेली. दुसऱ्या पहाटेही तसंच. त्या दिवशी दुपारी तिने मला पाण्याला नेलं, आणि बोडीच्या पाळीवर मी थबकले. बाकी झाडांखालची काळी जमीन लख्ख रिकामी होती. माझ्या झाडाखाली दोन दिवसांची फुलं पडून होती. कालची तपकिरी, चिकट, मुंग्या लागलेली. आजची पिवळट, उन्हाने मान टाकलेली. पाय ठेवायला जागा नव्हती.

"तुम्ही वेचली का नाहीत?" मी विचारलं.

"झाड तुह्यं हाये न."

"मी नाही उठणार. मला नको आहे हे झाड."

"मंग नको वेचू," शकुन म्हणाली आणि हंडा डोईवर घेतला.

"वाया चाललंय सगळं! तुझ्या मायला सांग वेचून घ्यायला."

"माय कशी वेचन? तुह्यं हाये."

मला भयंकर राग आला. शकुनचा, मायचा, या अडाणी नियमाचा. सहा महिन्यांत मला कशाचाही राग आला नव्हता. मी तिच्यावर ओरडले, मला कोणी एकटीला सोडत का नाही असं काहीबाही बोलले, आणि बोलता बोलता त्या कुजक्या फुलांमध्ये बसून रडायला लागले. आई गेली त्या दिवसापासून साठलेलं सगळं रडले. शकुनने हंडा उतरवून ठेवला आणि बाजूला बसली. तिचा पाय माझ्या पायाला लागला होता. पाणी मग संध्याकाळी उशिरा घरी गेलं.

तिसऱ्या पहाटे मी उठले. कोणी याला हिंमत म्हणू नये. मला लाज वाटली होती, बस. सडलेली फुलं आधी पाल्याने झाडून काढली, नवी वेचायला बसले. मोह वेचणं फार कंटाळवाणं काम आहे. वाकायचं, एकेक फूल उचलायचं, टोपलीत टाकायचं. वर बघावं तर अजून पडतच असतात, टप, टप, वाळल्या पानावर. बोटं चिकटतात, कंबर मोडते, वासाने मळमळतं. पण त्या कामात पुढचा विचार करावा लागत नाही. एका फुलाच्या पुढे फक्त दुसरं फूल असतं. बादलीपुढे बसून मला जे जमत नव्हतं, ते इथे कसं जमलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पलीकडच्या झाडाखालून माय अधूनमधून मोठ्याने खाकरायची. अस्वलं मोहावर येतात, म्हणून माणसं आवाज करत राहतात. मलाही आवाज द्यावा लागे. "हो," मी म्हणायची. ती खाकरायची, मी "हो" म्हणायची. असं आमचं बोलणं चालायचं.

मधे दोन दिवस मी पुन्हा उठले नाही. फुलं पुन्हा पडून राहिली. कोणी काही म्हणालं नाही. मी परत गेले. अंगणात माझी फुलं माझ्याच वेगळ्या चटईवर वाळत होती, आणि धाकटी बहीण येता-जाता सगळ्यांना सांगायची की ही रतनबाईची. भाजलेली मोहफुलं जवसाबरोबर कुटून माय त्याचे गोळे करायची. एके दिवशी मी त्यातले दोन खाल्ले आणि तिसरा मागितला. मायनं आज्याला हाक मारून काहीतरी सांगितलं आणि म्हातारा बिनदातांचं हसला.

आठवडा उलटला असेल. मी झाडाखाली बसले होते, ऊन वर यायला लागलं होतं, आणि मायचं खाकरणं एकदम थांबलं. मी मान वर केली. पाळीवरून खाकी कपड्यातला माणूस येत होता. बायका आपापल्या झाडांखालून उठून उभ्या राहिल्या होत्या. माय तर टोपली सोडून धावत माझ्या झाडाकडे आली आणि त्या माणसापुढे हात जोडून उभी राहिली. "साहेब, आग नाई लावली साहेब. पाला झाडला फक्त. पोरीचा काई कसूर नाई."

बाबा होते. परीक्षेच्या आधी भेटायला म्हणून ते होस्टेलवर गेले, तिथे रेक्टरबाईंनी त्यांनाच त्यांचं पत्र दाखवलं. विमलने रडत सगळं कबूल केलं, वैनगंगेचा रस्तासुद्धा. रात्र धानोऱ्याच्या बसस्टँडवर काढून ते पहाटेच पायी निघाले होते.

त्यांची नजर आधी जमिनीवर गेली. नोकरीची सवय. मोहाखालचा पाला जाळण्यावरून त्यांनी आयुष्यभर केसेस केल्या होत्या. अशा किती बायका त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या असतील. मी ते लहानपणी पाहिलेलं होतं आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मायचे ते जोडलेले, मोहाने चिकट झालेले हात मला बघवेनात. मी उठले.

"बाबा, यांना काही म्हणू नका. हे झाड माझं आहे," मी म्हणाले. "ही राखही माझ्याच झाडाखालची. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा."

इतकं लांब वाक्य मी त्यांच्याशी आई गेल्यानंतर बोलले नव्हते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. माझे केस, हात, राखेने काळे झालेले गुडघे. मग हळू म्हणाले, "कोनी काही लिहून नाई राह्यलं, बाई." आणि मायकडे वळून त्यांनी स्वतः हात जोडले. माय इतकी घाबरली की दोन पावलं मागे सरली.

शकुन तेवढ्यात धावत आली होती. बाबांनी तिलाच विचारलं, "हिले काय झालं हाये?"

शकुन, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची, ती नाकेदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "बिमार हाये, काका. भूत नाई, अन् आळसपन नाई. बिमार हाये. तुमी तिले पत्रात अभ्यास कर लिहिता, तिले पानी प्याले बी उठवत नव्हतं."

बाबा खाली बसले. त्या काळ्या जमिनीवरच, खाकी पँटीसकट. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. फुलं पडत होती, त्यांच्या खांद्यावर, टोपीत. मग त्यांनी विचारलं, "तुह्यी माय गेली तवा मी दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर गेल्तो. तुले वाटलं असन न, याले काहीच नाई?" मी मान डोलावली. "मले बी झोप नाई येत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते ऐकायला इतके महिने जावे लागले. आम्ही दोघंही रडलो, आणि माय जरा लांब जाऊन आपल्या झाडाखाली पाठमोरी उभी राहिली. थोड्या वेळाने बाबांनी डोळे पुसले, समोर पडलेल्या फुलांकडे पाहिलं आणि हात पुढे करण्याआधी मला विचारलं, "वेचू लागू का तुले?" जंगलात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला त्या गावचा नियम वेगळा सांगावा लागला नाही.

मोहाने मी बरी झाले, असं मात्र कोणी समजू नये. तसं लिहिलं असतं तर गोष्ट छान दिसली असती. त्या वर्षीची परीक्षा मी दिलीच नाही. पुढच्या पावसाळ्याआधी बाबा मला नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सोबत विमल होती. बाहेरच्या बाकावर बसलेले बाबा 'मानसोपचार विभाग' ही पाटी वाचून वाचून घामाघूम झाले, पण उठले नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या वर्षाहून जास्त घेतल्या. मधे दोनदा वाटलं की सगळं परत पहिल्या ठिकाणी आलं. विमल शिव्या देत राहिली, शकुन खाट लावत राहिली. एक वर्ष मागे पडून मी पास झाले, पुढे मास्तरीण झाले, संसार झाला.

पण झाडाचं राहिलं. मी होस्टेलवर परतले त्याच्या पुढच्या वर्षी, होळीच्या सुमाराला, शकुन घरून आली आणि पेटी ठेवायच्या आधी म्हणाली, "मायनं इचारलं, यंदा तू येतेस का आमी वेचू?" मला हसू आलं. मी समजत होते की ते झाड म्हणजे मला अंथरुणातून उठवायची एक युक्ती होती. मायला युक्ती वगैरे ठाऊक नव्हती. तिने झाड दिलं होतं, म्हणजे दिलं होतं. मी म्हणाले, "येते." आणि गेले, चार दिवस.

त्यानंतर दर वर्षी ते विचारणं आलं. आधी शकुनच्या तोंडून, मग पोस्टकार्डावर, माय गेल्यावर शकुनच्या नावाने, आणि अलीकडे फोनवर. नोकरी, लेकरं, बदल्या. प्रत्यक्षात मी पाच-सात वेळाच जाऊ शकले असेन. पण मी दर वर्षी म्हणायची, "येते, मी पोचेपर्यंत तू वेच." तेवढं म्हटलं की शकुनला वेचायची मोकळीक मिळे, आणि पावसाळ्याआधी एक पिशवी माझ्याकडे यायची. विमल त्यातले गोळे खायला मुद्दाम यायची आणि शकुनच्या मायसारखे झाले नाहीत म्हणून नावं ठेवायची.

तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्याच्या आधीच्या वर्षी मी रिटायर झाले होते. मुलगा म्हणाला, हे घर विकून माझ्याकडे पुण्याला चल. माणसं येत होती, जात होती, मी सगळ्यांना चहा देत होते आणि सगळे म्हणत होते, बाई किती खंबीर आहेत. त्या मार्चमध्ये फोन वाजला. "येतेस का मी वेचू?" शकुनने विचारलं.

मी म्हणाले, "तुम्हीच वेचा आता. नंतरही वेचत जा. मला नको."

पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं, नेटवर्क गेलं असेल. त्यांच्याकडे ते जातंच. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात गेले. बादली सकाळपासून भरून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. दोघी होत्या. विमल, गुडघ्यांनी वाकलेली, धापा टाकत, सोबत शकुन, हातात रिकामी टोपली.

"चप्पल घाल," शकुन म्हणाली.